नारायणच्या शेजारची पेठ

"आई, बाबांचं नाव काय गं?"

मी हे विचारलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. मी चेहरा इतका भोळा केला होता की आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये बक्षीसच मिळालं असतं.

"तुला म्हाईत न्हाई?"

"विसरले."

"मग दारावरची पाटी वाच जा," असं म्हणून आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझा फालुदा बुडाला.

फालुद्याची गोष्ट अशी, की मधल्या सुट्टीत चित्रा आणि नलूनं मला पैजेला डिवचलं होतं. "तुझी आई कॉलेजात जाते ना? टेलिफोन शिकते ना? फार मॉडर्न झाली असेल! मग काढून दाखव तिच्या तोंडून तुझ्या बाबांचं नाव. काढलंस तर पिंपरी कॅम्पातला फालुदा आमच्याकडून." मी या वर्षी दहावीत गेले, वर्गाची मॉनिटर झाले, आणि तेव्हापासून मला कुठल्याच गोष्टीला नाही म्हणता येईनासं झालंय. मी म्हटलं, "आणा फालुदा."

पण आमच्या आईच्या तोंडून बाबांचं नाव काढणं म्हणजे काय, ते त्या दोघींना माहीत नव्हतं. बाबांचं नाव सदाशिव. सदाशिव वाल्हेकर. आईच्या माहेरी, माण तालुक्यात, अशी पक्की समजूत की बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. फक्त उखाण्यात घेतलेलं चालतं. तेवढ्याला देव डोळेझाक करतो म्हणे. त्यामुळे देवळात शंकराच्या नावांची माळ सुरू झाली की ठरावीक जागी आईला खोकला येतो. पण खरी पंचाईत पुण्याला गेलं की होते. माझी मावशी राहते सदाशिव पेठेत. आई कंडक्टरला सांगते, "नारायणच्या शेजारच्या पेठेत जायचंय, कुठं उतरू?"

एकदा एक कंडक्टर म्हणाला होता, "बाई, त्या पेठेला नाव आहे."

"हाय की," आई म्हणाली, "तुमी घ्या."

आता कॉलेजचं सांगते. आमच्या इथल्या कॉलेजात गेल्या वर्षीपासून संध्याकाळी मोठ्या माणसांचे वर्ग निघालेत. सकाळी जिथं कॉलेजची मुलं केसांचा कोंबडा काढून बसतात, तिथं संध्याकाळी पहिली शिफ्ट संपवून आलेले काका-मामा बसतात, ड्रॉइंग शिकतात आणि टी-स्क्वेअरच्या पट्टीवर डोकं ठेवून घोरतात. वरच्या मजल्यावर बायकांचा वर्ग, टेलिफोन ऑपरेटरचा. कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला एक जुना बोर्ड तिथं आणून बसवलाय. त्याला भोकं, भोकांना नंबर, आणि एका भोकातून दुसऱ्या भोकात घालायच्या वायरी. बोर्डासमोर एक फिरती खुर्ची.

आईला त्या खुर्चीनं भुरळ घातली. आई म्हणजे कासाराकडे बांगड्या भरायला गेली तरी "कुठल्या बी भरा" म्हणणारी बाई. साडी बाबा आणतील ती, भाजी आम्ही म्हणू ती. पण वर्ग बघायला म्हणून शेजारणीबरोबर गेली, त्या खुर्चीत एकदा बसली, गर्रकन फिरली, आणि घरी येऊन बाबांना म्हणाली, "मला हे पायजे." बाबांच्या हातातला चहा बशीत सांडला. लग्न झाल्यापासून 'पायजे' हा शब्द त्यांनी आईकडून ऐकलाच नव्हता. ते लगेच हो म्हणाले. घाबरूनच म्हणाले असावेत.

बाबांची बहुतेक सेकंड शिफ्ट. म्हणून सोबतीला मी. पहिले काही दिवस मी मागं बसून भूमितीचा अभ्यास केला. मग नगरकर मॅडमच्या लक्षात आलं, की बोर्डावर बोलायला पलीकडून कुणीतरी फोन करणारं लागतं. नगरकर मॅडम एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या, आवाज असा की दगडालासुद्धा वाटावं आपण होल्ड करावं. त्यांनी मला शेजारच्या खोलीत फोन देऊन बसवलं. मधे काचेची खिडकी. झालं! त्या दिवसापासून पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या सगळ्या कारखान्यांचा आवाज मी. कधी मी चिडलेली मॅनेजर, कधी मुंबईहून माल न पोचलेला शेठ, कधी साहेबांची सासू.

आणि आई! घरात हेल काढून बोलणारी आमची आई हेडफोन लावला की कुणी दुसरीच व्हायची. "नमस्कार. कोण हवंय आपल्याला? कृपया थांबा, जोडते." एकदा मी सासू होऊन पाच वेळा ओरडले तरी ती म्हणाली, "मी आपली अडचण समजू शकते." घरी मी एकदा ओरडले तर लाटणं दिसतं.

वर्गाचा सोन्याचा नियम एकच. मॅडमनी तो फळ्यावर खडूनं लिहून ठेवला होता: नाव परत उच्चारा. समोरच्यानं जे नाव मागितलं ते आपण मोठ्यानं परत म्हणायचं, मग जोडायचं, म्हणजे चूक होत नाही.

भाकरीचा डाव फसला त्याच संध्याकाळी हा फळा पाहून माझ्या डोक्यात दिवा पेटला. मी फोन उचलला, आवाज जाड केला.

"हॅलो! मला सदाशिवराव पाहिजेत!"

काचेपलीकडे आई ताठ झाली.

"कोण हवंय आपल्याला?"

"सदाशिवराव!"

"बरं. त्यांना जोडते."

"नाव परत उच्चारा," मागून मॅडम.

आईनं घसा साफ केला. "ते... हे... आपण म्हणालात ते."

"प्रभावतीबाई, नाव!"

"आमच्या ह्यांचं हाय वो मॅडम ते!"

सगळा वर्ग फिस्सकन हसला. मीही हसले, फोनमध्येच, जाड आवाजात. पण मॅडम हसल्या नाहीत. त्या आईजवळ आल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "महिनाअखेर भोसरीच्या नव्या कारखान्याचे साहेब परीक्षा घ्यायला येणार आहेत. ऑपरेटरची एक जागा आहे. मी तुमचंच नाव मनात धरलं होतं. पण त्यांचं पुण्याचं ऑफिस कुठं आहे, ठाऊक आहे का?"

"कुठं?"

"सदाशिव पेठेत."

माझं हसू तिथंच संपलं. दिवसातून शंभरदा ती पेठ आणि शंभरदा ते नाव. आई फिरत्या खुर्चीतून उठली, तिचा हात तेवढा खुर्चीच्या पाठीवर राहिला. पैज मी लावली आणि खुर्ची आईची जायला निघाली!

त्यानंतर वर्गातल्या सगळ्यांनी उपाय सुचवले. "नारायणच्या शेजारची पेठ" म्हणून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "साहेब बसमध्ये नाहीत, कंपनीत आहेत." "एस पेठ" म्हणून पाहिलं. शनिवार पेठ, शुक्रवार पेठ, सोमवार पेठ, सगळ्या एसच निघाल्या. मग मी म्हटलं, आई, उखाण्यात चालतं ना? घे की उखाणा! आईचा चेहरा उजळला. मी फोन केला, आईनं वायर हातात धरली आणि खणखणीत म्हणाली:

"पिंपरीच्या बाजारात भाजी मिळते ताजी,
सदाशिवरावांचं नाव घेते, लाइन जोडायला मी राजी!"

टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, "सुंदर. आणि समोरच्याचा बॉयलर फुटायला आला असेल तर? तुमचा उखाणा संपेपर्यंत तो चालत पुण्याला जाऊन येईल."

चित्रा-नलूनंही उखाणा धरला नाही. उखाण्यात कुणीही घेतं म्हणे.

त्या दिवशी निघताना शालनबाई आईबरोबर जिना उतरत होत्या. त्या आईच्याच बाकावर बसायच्या. त्यांचे यजमान कंपनीतच वारले होते, तरुणपणी. त्या एवढंच म्हणाल्या, "प्रभावती, मी एकदापण नाव घेतलं नव्हतं गं. उखाण्यातसुद्धा लाजायचे." आईनं त्यांचा हात धरला आणि जिना संपेपर्यंत सोडला नाही.

बाबांना मात्र भारी मजा वाटली. शिफ्टवर त्यांनी सगळ्यांना सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यांचे मित्र आबाजी सायकलवरून जाता जाता ओरडले, "काय राव, तुझ्या नावामुळं म्हणे टेलिफोन बंद पडला!"

साप्ताहिक सुट्टीला बाबा घरी होते. चहा पिता पिता ते म्हणाले, "घे की नाव. मी परवानगी देतो."

"परवानगी कोण मागतंय?" आई म्हणाली. "तुमचं आयुष्य कमी झालं मंजी?"

"अगं, डब्यात रोज तू एवढं तिखट घालतेस, तेव्हा नाही होत कमी?"

"हसू नका. मला ती खुर्ची पायजे. आन तुमी बी पायजे."

बाबांनी कप खाली ठेवला. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं. पण पळण्याऐवजी मी बोलले. मॉनिटर झाल्यापासूनची खोड.

"आई, तुझं नाव माणला कस्तुरा होतं ना? मग लग्नात बाबांनी प्रभावती ठेवलं तेव्हा कस्तुरा कुठं गेली?"

"कुठं जाती? ऱ्हायली माणला."

"तसं बाबांचंही करू की! त्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं तुझं नाव लिहिलं आणि तू बदललीस. आता तू त्यांचं लिही. सदाशिव राहील त्यांच्या गावी, वाल्हेकरवाडीत. मग ते काही आपल्या बाबांचं नाव नाही. वाट्टेल तेवढं घे!"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं वेडे, पुरुषाचं नाव कधी बदलतं का? पंचिंग कार्डावर काय लावू? पगार कुणाला देतील? आई-बापानं ठेवलेलं नाव असं एका दुपारी..."

"मला न्हाई विचारलं कुणी," आई म्हणाली.

ती रागावून म्हणाली नाही. सहज म्हणाली, कपबशी उचलता उचलता. पण बाबांचा ठसका बंद झाला. मग ते उठले, डबा उघडून ताटात तांदूळ ओतले आणि बोटातली अंगठी काढायला लागले.

अंगठी निघेना! लग्नातली अंगठी, आणि बाबांचं बोट आता लग्नातलं राहिलं नव्हतं. साबण लावला, गोडं तेल लावलं, मी एका बाजूनं ओढलं. शेवटी फट्कन निघाली आणि थेट पाण्याच्या बादलीत पडली. आईनं ती पुसली. बाबांनी टोपी घातली आणि पाटावर मांडी घालून बसले. खरं सांगते, ते लाजत होते.

"चांगलंसं ठेव गं," ते म्हणाले. "भिकोबा-दगडोबा नको."

आईनं फार वेळ घेतला. कासाराकडे "कुठल्या बी" म्हणणारी बाई, पण इथं तिला घाई नव्हती. मग तिनं पदर खोचला आणि सावकाश, वळणदार अक्षरात तांदळात लिहिलं: मधुसूदन.

बाबांनी मान तिरकी करून वाचलं. पुन्हा वाचलं.

"छान आहे," ते म्हणाले. "पण हा मधुसूदन कोण? माणला कुणी होता का या नावाचा?"

"त्ये मी आता कसं सांगू?" आई म्हणाली. "नाव घेत न्हाई मी."

आणि तिनं तांदूळ हातानं फिरवून टाकले. मी साखर वाटली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत आमच्या घरात जो काही धिंगाणा झाला! आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "सदाशिव पेठ!" अंगणातून ओरडायची, "सदाशिव पेठ ऑफिस, जोडते!" धुणं पिळताना, "सदाशिव, सदाशिव, सदाशिव!" आणि प्रत्येक वेळी बाबा सवयीनं म्हणायचे, "ओ!"

"तुमाला न्हाई म्हटलं," आई म्हणायची. "तुमी कोण?"

परीक्षेच्या दिवशी बाबांनी अर्धी रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट घालून ते बाहेरच्या व्हरांड्यात उभे राहिले, वर्गाच्या उघड्या दाराशी. साहेब आले. सफारी सूट, हातात ब्रीफकेस, चेहऱ्यावर 'लवकर आटपा'. त्यांना माझ्या खोलीत बसवलं आणि फोन कसा धरायचा ते दाखवायला मला शेजारी ठेवलं. एक-दोघी झाल्या. मग आई खुर्चीत बसली. हेडफोन लावला.

"पुण्याचं ऑफिस द्या," साहेब फोनमध्ये म्हणाले.

"सदाशिव पेठ ऑफिस. जोडते, साहेब."

स्वच्छ, खणखणीत! दारातून "ओ" ऐकू आलं, पण साहेबांच्या लक्षात आलं नाही. मी टेबलाखाली स्वतःच्याच हाताला टाळी दिली. मॅडमनी डोळे मिटले.

"थांबा," साहेब म्हणाले. "आधी त्यांना सांगा कोण बोलतंय ते. मधुसूदन गोगटे."

एवढ्या मोठ्या जगात, एवढी नावं सोडून! खिडकीतून मला आई दिसत होती. वायर हातात, तोंड किंचित उघडं. फळ्यावर तिच्या डोक्यामागं मॅडमचं अक्षर: नाव परत उच्चारा.

"हॅलो? लाइन गेली का?" साहेबांनी रिसीव्हर हलवला.

लाइन कुठली जाते! मी त्यांना म्हणणार होते की साहेब, तुम्हाला घरात दुसऱ्या नावानं हाक मारतात का? बंडू वगैरे? तेवढ्यात आईनं खुर्ची फिरवली, अगदी थोडी, दाराच्या बाजूला. दारात बाबा उभे. त्यांनीही ऐकलं होतं, साहेबांचा आवाजच तसा होता. बाबांनी टोपी काढली, छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. एकदाच. घे म्हणून.

आई वळली.

"मधुसूदन गोगटे साहेब बोलताहेत," ती म्हणाली. एकही अक्षर गिळलं नाही. "सदाशिव पेठ, कृपया थांबा. साहेब, बोला."

बाबा अजून उभे होते. मी नीट बघितलं. कुठं काही कमी झालेलं दिसलं नाही.

साहेब खोलीतून उठून बोर्डाजवळ गेले. "आवाज चांगला आहे. मधे जरा थांबलात, पण घाबरला नाहीत. आपलं नाव?"

मॅडम हजेरीत बघून सांगायला निघाल्या, "प्रभा..."

"कस्तुरा," आई म्हणाली. "कस्तुरा सदाशिव वाल्हेकर."

उखाणा नाही, खोकला नाही, नारायणच्या शेजारची नाही. सरळ, मधल्या मध्ये, जिथं असतं तिथं. मागच्या बाकावर शालनबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. साहेबांना यातलं काही कळलं नाही, आणि ते बरंच झालं. ते म्हणाले, "एक तारखेपासून या, वाल्हेकरबाई," आणि ब्रीफकेस उचलून घाईनं गेले.

आई त्या फिरत्या खुर्चीत एक पूर्ण गिरकी फिरली. मॅडमसमोर!

बाबा आम्हाला पिंपरी कॅम्पात घेऊन गेले. (चित्रा-नलूचा फालुदा वेगळा, तो मी सोडलेला नाही. मी कानांनी ऐकलंय, विद्येची शपथ.) तिघं एका बाकड्यावर बसलो. बाबांनी फालुद्यात चमचा घातला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "मग? एका दिवसात माझी दोन्ही नावं घेतलीस. आता माझं काय उरलं?"

"मी बोर्डावर बसल्या बसल्या इचार केला," आई म्हणाली. "शालनबाईनं एकदा बी नाव घेतलं न्हाई. तरी जायचा तो माणूस गेला. आन अख्खं पुणं रोज उठून सदाशिव, सदाशिव करतंय. कंडक्टर करतोय, पोस्टमन करतोय. तुमाला साधं पडसं तरी झालं का?"

बाबांनी विचार केला. "गेल्या पावसाळ्यात झालं होतं."

"त्ये भिजला म्हणून."

"म्हणजे आता मी सदाशिव का मधुसूदन?"

"घरात कुनी बी ऱ्हावा. कार्डावर सदाशिवच असू द्या, पगाराचा घोळ नको." मग आई जरा लाजली आणि शेवयांकडे बघत म्हणाली, "पण मला तेवढं कस्तुराच म्हना आता. कंपनीत तेच सांगितलंय."

"कस्तुरा," बाबा म्हणाले. त्यांनी ते नाव असं म्हटलं, जसं पहिल्यांदा चाखून बघतायत. "कस्तुरा. बरंय की. मला का नाही सांगितलंस कधी, हेच नाव हवंय म्हणून?"

"तुमी इचारलं का?"

मला आता गप्प बसवेना. सब्जा दातात अडकला होता तरी मी बाकड्यावर उभी राहिले. दुकानातले लोक वळून बघायला लागले, बघू देत.

"आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. माझं लग्न तुम्ही कुणाशीही ठरवा, म्हणजे मला विचारूनच ठरवा, पण माझं नाव पद्माच राहणार. लग्नात तांदळाचं ताट आलं तर अंगठी माझ्या हातात द्यायची. त्याला आधी पाटावर बसवायचं, टोपी घालून, आणि नाव काय ठेवायचं ते मी सावकाश, माझ्या सवडीनं ठरवणार!"